मॅग्नम रिव्हॉल्वरचा बार फुसका का जातो? हाताने भरलेल्या काडतुसांतील दोष शोधण्याची पद्धत

चाप ओढला, घोडा पडला, नुसती ‘टिक्’ झाली आणि बार उडालाच नाही, तर पहिले काम म्हणजे काहीही न करणे. रिव्हॉल्वरची नळी लक्ष्याच्या दिशेने तशीच रोखून धरावी, बोट चापावरून काढून घ्यावे आणि किमान ३० सेकंद मनात मोजावेत. प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी छोटी वाटी) पेटूनही आतली दारू उशिरा पेट घेऊ शकते, आणि रिव्हॉल्वरमध्ये हा उशीर जास्त घातक ठरतो, कारण घाईघाईने चाप पुन्हा ओढला की सिलिंडर एक घर पुढे फिरते आणि ते रेंगाळलेले काडतूस नळीसमोरून बाजूला सरकते. तिथे ते पेटले तर गोळीला जायला वाट नसते. म्हणून पुढची सगळी तपासणी या अर्ध्या मिनिटानंतर सुरू होते.

हे विवेचन अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या कायद्यानुसार आपली काडतुसे घरी भरणाऱ्या मराठी नेमबाजांसाठी आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना लागतो; तो नसताना यातले काहीही तिथे करून पाहू नये. उदाहरणासाठी मी .३५७ मॅग्नम घेतले आहे. १९३५ साली बाजारात आलेले हे काडतूस आजही सर्वांत जास्त घरी भरले जाणाऱ्या मॅग्नम काडतुसांपैकी एक आहे, आणि त्याला लागू पडणारे जवळजवळ सर्व काही .४४ मॅग्नमलाही लागू पडते.

बार न उडण्याचे तीन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पहिला म्हणजे निव्वळ फुसका: घोडा पडतो, पुढे काहीच होत नाही. दुसरा म्हणजे रेंगाळलेला: ‘टिक्’ आणि ‘धडाम’ यांच्यात कानाला जाणवेल इतके अंतर पडते. तिसरा सर्वांत वाईट. त्यात आवाज होतो, पण दबका, बाटलीचे बूच निघाल्यासारखा, आणि हाताला धक्का जवळजवळ लागत नाही. अशा वेळी गोळी नळीत अडकलेली असू शकते. कधी ती अर्धी सिलिंडरमध्ये आणि अर्धी नळीत राहते आणि सिलिंडर उघडतच नाही. या तिसऱ्या प्रकारानंतर त्या दिवशी दुसरा बार काढायचा नाही. नळी मोकळी आहे हे सिलिंडर रिकामे करून, नळीतून सळई आरपार घालून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रिव्हॉल्वर पुन्हा भरायचे नाही. फुसक्या बारामुळे सहसा कोणाला इजा होत नाही. इजा होते ती दबक्या आवाजाकडे दुर्लक्ष करून ओढलेल्या पुढच्या चापामुळे.

न उडालेले काडतूस बाहेर काढल्यावर ते इतरांत मिसळू नये. मी खिशात मार्कर ठेवतो, काडतुसाच्या अंगावर क्रमांक टाकतो आणि ते सिलिंडरच्या कोणत्या घरात होते, चाप सरळ ओढला होता की घोडा आधी अंगठ्याने चढवला होता, हे तिथल्या तिथे लिहून ठेवतो. घरी गेल्यावर यातले काही आठवत नाही, आणि नेमकी हीच माहिती दोष शोधून देते. सहापैकी एकाच घरातली काडतुसे दगा देत असतील तर दोष काडतुसात शोधण्यात अर्थ नाही.

खळगा वाचणे

आता प्रायमरवर फायरिंग पिनने पाडलेला खळगा भिंगाखाली पाहावा. शेजारी त्याच बैठकीत व्यवस्थित उडालेली दोन-तीन रिकामी केस, म्हणजे काडतुसांची पितळी कवचे, ठेवावीत, म्हणजे तुलना करता येते. मात्र उडालेल्या प्रायमरचा खळगा आतल्या दाबाने थोडा बदललेला असतो, हे ध्यानात ठेवावे. खळगा खोल, गोल आणि मध्यभागी असेल तर घाव पुरेसा बसला आहे आणि संशय प्रायमरवर किंवा त्याच्या आतल्या मसाल्यावर जातो. खळगा उथळ असेल तर घाव कमी पडला किंवा वाया गेला. तो एका बाजूला सरकलेला असेल तर सिलिंडरचे घर नळीसमोर नेमके येत नाही, आणि ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे न्यावे. खळगाच नसेल तर फायरिंग पिन तुटली आहे किंवा तिच्या भोकात घाण साचली आहे.

उथळ खळग्याच्या काडतुसाला, प्रायमर मुळीच पेटलेला नाही याची खात्री असेल तर, पुन्हा एक संधी देता येते. तेच काडतूस पुन्हा घालून, नळी लक्ष्याकडे ठेवून चाप ओढावा. दुसऱ्या घावाला बार उडाला तर मोठा दुवा हाती लागतो: मसाला चांगला होता, दारू चांगली होती, पहिला घाव मात्र प्रायमर पेटवण्याऐवजी दुसऱ्या कशात तरी खर्च झाला. कशात, हा पुढचा प्रश्न. दुसऱ्या घावालाही उडाला नाही तर तिसरा प्रयत्न करू नये. ते काडतूस उघडण्यासाठी बाजूला ठेवावे.

प्रायमर नीट बसलेला नसणे

माझ्या अनुभवात घरी भरलेल्या काडतुसांच्या फुसक्या बारांचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. प्रायमर ही पितळेची छोटी वाटी असते. तिच्या तळाशी स्फोटक मसाल्याचा थर असतो आणि त्यावर दोन किंवा तीन पायांची धातूची ऐरण बसवलेली असते. फायरिंग पिन वाटीच्या पाठीवर आदळते, मसाला वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडला जातो, ठिणगी पडते आणि केसच्या तळाच्या बारीक छिद्रातून ज्योत दारूपर्यंत पोचते. यात ऐरणीचे पाय प्रायमरच्या खोबणीच्या तळाला घट्ट टेकलेले असणे अत्यावश्यक आहे. लोहाराची ऐरण अधांतरी ठेवली तर घणाचा घाव जसा वाया जाईल तसेच इथे होते: पहिल्या घावाची ताकद प्रायमरला खोबणीत आत ढकलण्यात संपते, आणि दुसरा घाव, आता ऐरण टेकलेली असल्यामुळे, बार उडवतो.

प्रायमर केसच्या बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत, साधारण ०.००३ ते ०.००५ इंच खोल बसलेला असावा. हे मोजायला कॅलिपरची मागची पट्टी चालते, पण बोट त्याहून जलद सांगते. भरलेल्या प्रत्येक केसच्या बुडावरून तर्जनीचे टोक फिरवावे. मध्ये खोलगट लागले पाहिजे, सपाट लागले तरी मी ते केस बाजूला काढतो. दुसरी परीक्षा काचेच्या तुकड्याची. काडतूस काचेवर उभे केले आणि टिचकीने डुगडुगले तर प्रायमर बाहेर आलेला आहे. रिव्हॉल्वर स्वतःही सूचना देते: वर आलेला प्रायमर मागच्या पोलादी भिंतीला घासतो आणि सिलिंडर त्या घरापाशी जड फिरते. अशी अडखळ जाणवली की सिलिंडर जोर लावून फिरवू नये.

प्रायमर वर का राहतो याची कारणे बहुधा साधी असतात. खोबणीत मागच्या बाराची राख साचून तळाशी कडक थर झालेला असतो. किंवा प्रेसवर, म्हणजे काडतुसे भरण्याच्या यंत्रावर, प्रायमर बसवणारी दांडी झिजलेली असते. किंवा केस धरणारा होल्डर वाकडा बसलेला असतो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी भरलेल्या ५० काडतुसांपैकी ४ उडाली नाहीत, आणि चारही दुसऱ्या घावाला उडाली. मी प्रायमरला दोष दिला, दुसऱ्या कंपनीचे आणले, आणि पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी होल्डर काढून पालथा केला तेव्हा त्याच्या खाचेतून जुन्या प्रायमरची काळी पूड आणि पितळेची एक बारीक कपची बाहेर पडली. कपची नखाच्या टोकावर मावेल एवढी होती. तिच्यामुळे होल्डर एका बाजूने उचललेला होता आणि प्रत्येक प्रायमर तिरका, अर्धवट बसत होता. त्या दिवसापासून दर ५० केसनंतर मी होल्डर काढून ब्रशने साफ करतो, आणि मॅग्नम काडतुसांचे प्रायमर प्रेसवर न बसवता हातातल्या प्रायमिंग टूलने बसवतो. प्रेसची दांडी लांब असल्यामुळे तिथे हाताला काही कळत नाही. हातातल्या टूलमध्ये आधी घसरत जाणारा विरोध, मग ऐरण टेकल्याचा स्पष्ट थांबा आणि त्यानंतर द्यायचा किंचित दाब हे तिन्ही वेगवेगळे जाणवतात. हा शेवटचा दाब किंचितच असावा. दांडगाई केली तर मसाल्याची वडी तडकते, आणि मग खोल, नीटस खळगा पडूनही बार उडत नाही.

एक गोष्ट कधीही करू नये: भरून तयार झालेल्या काडतुसातला वर राहिलेला प्रायमर पुन्हा दाबून आत बसवणे. तुमच्या हातात तेव्हा दारू आणि गोळीसकट जिवंत काडतूस असते. ते उघडावे, किंवा दुसऱ्या घावाच्या परीक्षेसाठी मैदानावर न्यावे.

प्रायमरचा प्रकारही पाहावा. .३५७ ला छोटा पिस्तूल प्रायमर लागतो. छोटा रायफल प्रायमर आकाराने तसाच असल्यामुळे खोबणीत सहज बसतो, पण त्याची वाटी जाड आणि कडक असते. २०२० पासूनच्या टंचाईत पिस्तूल प्रायमर मिळेनासे झाले तेव्हा अनेकांनी रायफल प्रायमर वापरले, आणि ज्यांच्या रिव्हॉल्वरची स्प्रिंग हलकी केलेली होती त्यांचे बार फुसके जाऊ लागले. .४४ मध्ये गोष्ट वेगळी आहे: मोठा रायफल प्रायमर मोठ्या पिस्तूल प्रायमरपेक्षा उंचच असतो, त्यामुळे तो खोबणीबाहेर राहतो. तो तिथे वापरूच नये.

दोष हत्याराचा आहे का

प्रायमर व्यवस्थित खोल बसलेले असूनही खळगे उथळ पडत असतील तर रिव्हॉल्वरकडे वळावे. सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे कारखान्यातून आलेली काडतुसे त्याच रिव्हॉल्वरमध्ये चालवणे, आणि शक्य असल्यास आपली काडतुसे मित्राच्या रिव्हॉल्वरमध्ये चालवून पाहणे. मात्र मित्राला आधी सगळे सांगून, आणि भार, म्हणजे दारूचे वजन, काडतुसे भरण्याच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत आहे याची खात्री असेल तरच. त्यानंतर चाप सरळ ओढून आणि घोडा अंगठ्याने आधी चढवून, अशा दोन्ही प्रकारे सहा-सहा बार काढावेत. घोडा आधी चढवला की तो थोड्या जास्त लांबून पडतो आणि घाव जड बसतो. अंगठ्याने चढवून सगळे उडतात आणि चाप सरळ ओढून काही राहतात, असे दिसले तर मुख्य स्प्रिंग अशक्त आहे हे जवळजवळ ठरले.

स्मिथ अँड वेसनच्या अनेक रिव्हॉल्वरमध्ये मुठीच्या पुढच्या बाजूला, खालच्या टोकाकडे, स्प्रिंग ताणून धरणारा एक स्क्रू असतो. तो पूर्ण आवळलेला असला पाहिजे. धक्क्यांनी तो सैल होतो, किंवा चाप हलका व्हावा म्हणून आधीच्या मालकाने तो मुद्दाम सैल केलेला असतो, काही वेळा टोकाकडून घासलेलाही असतो. जुने रिव्हॉल्वर विकत घेतले असेल तर काडतुसांची चौकशी करण्याआधी मी हा स्क्रू पाहतो. हलकी स्प्रिंग आवडत असेल तर फेडरलसारखे सहज पेटणारे प्रायमर घेणे हा अनेकांचा मार्ग आहे. पण ज्या रिव्हॉल्वरवर घराच्या रक्षणाची भिस्त आहे तिथे मूळ कारखान्याची स्प्रिंग परत बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक कारण नवख्यांच्या लक्षात येत नाही. .३८ स्पेशलची केस १.१५५ इंच लांब असते आणि .३५७ ची १.२९० इंच. मॅग्नम रिव्हॉल्वरमध्ये .३८ भरपूर चालवली की तिच्या तोंडापाशी घरात काजळीचे कडे तयार होते, आणि नंतर घातलेली लांब केस त्या कड्यावर अडून रिमपर्यंत, म्हणजे बुडाच्या कडेपर्यंत, पूर्ण आत जात नाही. अशा वेळी घोड्याचा घाव केसला पुढे ढकलण्यात जातो. पितळी ब्रश आणि सॉल्व्हंटने घर घासून काढले की प्रश्न मिटतो. सिलिंडर मागेपुढे हलत असेल तरीही घाव असाच मुरतो. ते काम जाणकाराचे.

दारू पेट घेत नाही तेव्हा

प्रायमर पेटला आहे, पण बार रेंगाळला, दबका आला किंवा गोळी अडकली, तर दोष बहुधा दारूच्या पेटण्यात असतो. मॅग्नममध्ये पूर्ण वेगासाठी वापरल्या जाणाऱ्या सावकाश जळणाऱ्या दारूंपैकी हॉजडनची एच११० आणि विंचेस्टरची २९६ या दोन्ही प्रत्यक्षात एकच दारू आहेत. ही दारू पेटायला हट्टी आहे. तिला मॅग्नम प्रायमर, जवळजवळ भरलेली केस आणि गोळीवर घट्ट पकड लागते, आणि छापील भारापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नये असा हॉजडनचा इशारा आहे. इतर दारूंसाठी आपण ‘कमाल भारापेक्षा दहा टक्के खाली सुरुवात’ हा सावधपणा शिकलेलो असतो. नेमका तोच सावधपणा इथे अंगावर येतो. भार कमी पडला की दाब पुरेसा चढत नाही, ज्योत विझते आणि गोळी नळीत राहते. अशा केसमध्ये आणि नळीत पिवळसर, चिकटून गोळे झालेले कण सापडतात. हे कण दिसले की निदान पक्के समजावे. कडाक्याच्या थंडीत हा दोष आणखी उघडा पडतो. सौम्य बार हवे असतील तर ही दारू कमी करू नये. त्यासाठी मॅन्युअलमध्ये दिलेली दुसरी, लवकर पेटणारी दारू घ्यावी.

उलट दिशेनेही काळजी हवी. मॅग्नम प्रायमर सगळीकडे चांगलाच, असे नाही. ज्या भारासाठी मॅन्युअलने साधा प्रायमर सांगितला आहे तिथे मॅग्नम घातल्यास दाब वाढतो, आणि .३५७ ची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. प्रायमर बदलला की मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या भारापासून पुन्हा वर चढावे.

गोळीवरच्या पकडीबद्दल एक गैरसमज आढळतो. केसची कड गोळीच्या खाचेत वळवणे, म्हणजे क्रिम्प, हे गरजेचे आहेच, पण पकडीचा मोठा भाग केसच्या भिंतीच्या घट्टपणातून येतो. केसचे तोंड मोठे करणारी डाय (साचा) जाड असेल तर कितीही क्रिम्प करून ती कसर भरून निघत नाही. तयार काडतूस अंगठ्याने टेबलाच्या कडेवर दाबावे आणि लांबी आधी व नंतर मोजावी. मग सिलिंडर भरून पाच बार काढावेत आणि सहावे, मुद्दाम न उडवलेले काडतूस पुन्हा मोजावे. गोळी धक्क्याने पुढे सरकली असेल तर पकड कमी आहे. ती आणखी सरकली तर सिलिंडरच अडेल.

ओलावा, तेल आणि कचरा यांचे थोडक्यात. पाण्यात धुतलेली केस बाहेरून कोरडी दिसली तरी प्रायमरच्या खोबणीत पाणी राहते; उन्हाळ्यात एक दिवस, हिवाळ्यात जास्त, तोंड खाली करून वाळवावी. केस घासून साफ करायला स्टेनलेसच्या सुया वापरत असाल तर तळाच्या छिद्रात दोन सुया जोडीने अडकतात, म्हणून प्रत्येक केस उजेडाकडे धरून पाहावी. त्याच कामासाठी वापरलेल्या मक्याच्या भुशाचा दाणाही तिथेच अडकतो. केसला लावायचे तेल प्रायमरला लागू देऊ नये आणि सिलिंडरची घरे कोरडी पुसूनच काडतुसे भरावीत.

काडतूस उघडणे

दुसऱ्या घावालाही न उडालेले काडतूस निदान एक दिवस बाजूला ठेवून मग हातोडीसारख्या पुलरने उघडावे. डोळ्यांवर चष्मा हवाच. निघालेली दारू पांढऱ्या कागदावर ओतून वजन करावे आणि नोंदवहीतल्या भाराशी ताडून पाहावे. ती दारू डब्यात परत टाकू नये. मग क्रमाने पाहावे: दारू मुळात होती का, ती ओली किंवा गुठळ्यांची आहे का, छिद्र मोकळे आहे का, प्रायमर उलटा किंवा आडवा तर बसलेला नाही, आणि प्रायमर निघाल्यावर त्यात ऐरण आहे का. उलटा बसलेला प्रायमर काढण्याआधी तो जिवंत आहे हे विसरू नये. तो प्रेसवर अगदी सावकाश, चेहरा बाजूला ठेवून ढकलावा.

दुरुस्ती झाल्यावर नुसत्या प्रायमरची चाचणी घेता येते. सहा रिकाम्या केसमध्ये फक्त प्रायमर बसवून, कानांवर संरक्षण घालून, मैदानावर नळी लक्ष्याकडे ठेवून चाप सरळ सहा वेळा ओढावा. दारू आणि गोळी नसल्यामुळे केस मागच्या भिंतीवर आपटत नाही, आणि उडालेला प्रायमर थोडा मागे सरकून सिलिंडर अडवतो. तो दोष समजू नये, सिलिंडर हळू फिरवून मोकळे करावे. सहाच्या सहा प्रायमर उडाले आणि खळगे एकसारखे मध्यभागी दिसले, तर दोष ज्या टप्प्यावर सापडला होता तिथेच तो संपला आहे. आता त्याच पद्धतीने भरलेली बारा काडतुसे घ्यावीत, सहा चाप सरळ ओढून आणि सहा घोडा चढवून काढावीत, आणि जुन्या भरणीतली उरलेली काडतुसे वेगळ्या डब्यात, तारीख लिहून, एकेक बुड बोटाने तपासून होईपर्यंत बंद ठेवावीत.